फणसगाळीची दोरी झाबेलबाईंनी उलट्या पावली घेतली, ती हकीकत

प्रथम तो आवाज लिहिला पाहिजे. ज्या आवाजापासून पुढे एवढे रण माजले तो तोफेचा नव्हता, नगाऱ्याचा नव्हता. पोटरीभर चिखलात वाकलेल्या एका बाईचा होता. सुपे महालात, नंदिगड्ड्याच्या उत्तरेस दोन कोसांवर, रानाच्या कुशीत फणसगाळी नामे बारा उंबऱ्यांचा गाव. सात उंबरे ख्रिस्ती, पाच कुणबी, आणि लावणीचा पैरा, म्हणजे एकमेकांच्या शेतात पाळीपाळीने राबणे, मात्र बाराही घरांचा एक. तेथे मोनीकबाई म्हणून होती, ती भाताची लावणी करी आणि लावता लावता लदाईन गाई. लदाईन म्हणजे सायबीण मरियामाऊलीच्या नावांची माळ. नावे एकोणपन्नास, तीही पाद्र्यांच्या लॅटिन बोलीत. बखरकाराची जीभ तितकी वळत नाही, सबब येथे अर्थच देशी बोलीत दिला आहे. तर मोनीकबाई 'सोन्याचे घर' म्हणे आणि एक रोप रोवी, 'पहाटेची चांदणी' म्हणे आणि दुसरे रोवी, मग एक पाऊल मागे येई. तो आवाज पाण्यावरून असा जाई की ओलेत्या रोपांनाही वाटावे आपलेच नाव घेतले. आणि शेजारी रोपांची जुडी धरून तिची सहा वर्षांची लेक वाकलेली असे. ती ही नावे कानाने शिकली नाही, कमरेने आणि बोटांनी शिकली. त्या लेकीचे नाव झाबेल.

मग चाळीस पावसाळे गेले. मोनीकबाई गावच्या कपेलीच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, कुंपणातल्या मातीत निजली. झाबेलबाई मोठी झाली, पास्कू मुकादमांची बायको झाली, आणि शके अठराशे तेहेतीस, इसवी एकोणीसशे अकराच्या आषाढात हिवतापाने पास्कू मुकादम गेले, तेथून या हकिकतीस तोंड फुटते.

मुकादमी म्हणजे काय ते वाचणाऱ्यांस ठाऊक असावे. फणसगाळीची कपेल कौलारू, एकखणी, शेणाने सारवलेली. तीस पाद्रीबाबांचे पाय वर्षातून दोनदा लागत, कारण मोठी इगर्ज, म्हणजे पाद्रीबाबांचे चर्च, बारा कोसांवर आणि मध्ये तीन नाले, अस्वले व गवे. बाकीचे वर्ष कपेलीची सत्ता मुकादमाची. मुकादमाने घंटेची दोरी ओढावी, लाल झगा पांघरून पुढे बसावे, लदाईनीचे एकेक नाव उच्चारावे आणि मंडळीने प्रत्येक नावास 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे आम्हांसाठी विनव, असा जाब द्यावा. मूल मरू घातले तर त्याने बाप्तिस्म्याचे पाणी घालावे, माणूस मेले तर त्याने मातीवर प्रार्थना म्हणावी. असे ते तख्त. अकरा वर्षे पास्कू मुकादमांनी ते भूषविले. एकेका नावाआधी ते असे श्वासभर थांबत की लोक म्हणत, केवढी ही भक्ती.

ते थांबणे भक्तीचे नव्हते, ही गोष्ट झाबेलबाईंस ठाऊक होती. मुकादमांच्या मागे, बायकांच्या पहिल्या चटईवर ती बसे, पदराखाली हात दडवी, बोटांनी अदृश्य रोपे लावी आणि ओठ न हलवता एकेक नाव नवऱ्याच्या पाठीशी सोडी. मग मुकादम ते उचलून मोठ्याने म्हणत. त्यांस एकही नाव येत नव्हते. माणूस प्रेमळ, सुतारकामात नामांकित, कपेलीची घंटा त्यांनीच आढ्यास टांगली. परंतु त्यांच्या डोक्यात नाव राहात नसे, स्वतःच्या बैलांना सुद्धा ते 'अरे' आणि 'तू रे' म्हणत. झाबेलबाईंनी ही गोष्ट कोणास सांगितली नाही. मात्र कधी कधी चूल फुंकताना तिच्या मनात येई, की ही नावे एकदा तरी स्वतःच्या गळ्याने, मोठ्याने, सगळ्यांपुढे म्हणावीत. आईने म्हटली तशी. आणि मग ती अधिक जोराने चूल फुंकी.

आता तख्त रिकामे पडले आणि दोन दावेदार उभे राहिले. एक झाबेलबाई. दुसरे मुकादमांचे धाकटे बंधू, राजश्री कैतानराव, खांदे गव्यासारखे, आवाज त्याहून मोठा, इतका की त्यांनी नाल्याच्या अलीकडून हाक मारावी आणि पलीकडची गुरे घरी परतावीत. कपेलीपुढील फणसाखाली सर्व मातब्बर पुरुष मसलतीस बसले. घंटेची दोरी बाईच्या हाती गेली तर घंटा नादेल की नाही, यावर दोन घटका खल झाला. लाल झगा पुरुषी खांद्यांच्या मापाचा, तो बाईस ढगळ होईल, सबब मुकादमी पुरुषाचीच, असा एका सरदाराने निवाडा दिला. बाईने पुढे बसावे तर पुरुषांनी तिच्या मागे बसावे लागेल, मग पाठ दिसेल ती कोणाची, असा दुसऱ्याने पेच टाकला, आणि तो पेच कोणासही सुटेना.

तोच झाबेलबाई शेणाची पाटी डोईवर घेऊन तेथून चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "झग्याचंच अडलंय न्हवं? मग कमी करून घेते. सुई हाय माझ्याकडं."

कैतानराव मान वर न करता म्हणाले, "वैनी, ऱ्हाऊ दे की. दादाची जागा हाय ती."

"व्हय भावजी, दादाचीच. म्हणून तर मागते."

कैतानराव काही बोलणार होते. मग ते तोंड फिरवून फणसाच्या पानाकडे बघत राहिले. मसलत कैतानरावांच्या बाजूने मोडली आणि त्यांनी दोरी हाती घेतली.

मग भाद्रपदात सायबिणीच्या जन्माचा सण आला. नऊ दिवस नेमाची प्रार्थना, नवव्या दिवशी नवी कणसे वेदीवर. पहिल्या सांजेस कैतानरावांनी लाल झगा चढवून घंटा अशी बडवली की कौलावरची वानरे देखील रानात कूच करती झाली. मंडळी जमली. कैतानरावांनी पहिले नाव गर्जून म्हटले आणि जाबाची वाट पाहिली. जाब आला नाही. पुरुषांस जाब देण्याची सवय नव्हती, तो बायकांचा प्रांत. आणि बायका, एकूण एक, ओठ मिटून वेदीकडे बघत बसल्या होत्या. कैतानरावांनी दुसरे नाव म्हटले. शांतता. तिसरे म्हटले, तेव्हा आढ्यावरची पाल चुकचुकली. नंतर चौथ्यासही चुकचुकली, पाचव्यासही. त्या सांजेची लदाईन कैतानराव आणि पाल या उभयतांनी मिळून अकरा नावांपर्यंत नेली. मग कैतानराव थांबले, पुढची नावे अंधारात शोधली, सापडली नाहीत, आणि हुंकार भरीत मोहीम आवरती घेतली. असे पाच दिवस चालले. सहाव्या दिवशी पालही आली नाही.

या बायकांच्या फौजेची बिनीची सरदारीण म्हणजे फुलाबाई, येसाजी कुणब्याची बायको. ती ख्रिस्ती नव्हती, कपेलीत पाऊल घालीत नसे, परंतु लावणीच्या रांगेत झाबेलबाईच्या उजव्या हातास तीच असे आणि तिची जीभ विळ्याहून धारेची. ओढ्यावर धुणे आपटता आपटता तिने बातमी काढली की कैतानरावांनी हैराण होऊन पाद्रीबाबांकडे निरोप धाडला आहे.

"येऊ द्या पाद्रीबाबाला," फुलाबाई म्हणाली. "पन तू खरं काय ते सांगत का न्हाईस गं? तुला सगळी लदाईन येती. पास्कूभाऊ तर मला कधी निस्तं नावानं हाक मारू शकला न्हाई. फुलाची कळी म्हणायचा, न्हाईतर फुलवात."

झाबेलबाईचा हात धुण्यावर थांबला. "गप की."

"म्या काय म्हणलं?"

"तू काय म्हणलं न्हाईस. आन म्हणू बी नको. मेलेल्या माणसाला परत मारू नये, फुले." आणि तिने लुगडे असे पिळले की त्यात पाण्याचा थेंब उरला नाही. एका वाक्यात जिंकता येईल अशी लढाई होती, आणि तेच वाक्य ती बोलणार नव्हती. ती बोलली असती तर अकरा वर्षे देवापुढे बसलेला तिचा माणूस साऱ्या गावाच्या हसण्यावारी गेला असता.

आठव्या दिवशी पाद्रीबाबांची स्वारी बैलगाडीतून आली. गाडी तिसऱ्या नाल्यात रुतली, तेव्हा चाकाला खांदा बायकांनीच दिला, ही गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवावी. पाद्रीबाबा वृद्ध, दाढी पांढरी, न्यायाने वागणारे, पण प्रवासाने गांजलेले. त्यांनी उभय पक्षांचे जाबसाल घेतले आणि सांगितले की संत पावलू यांनी पूर्वी एक पत्र लिहिले असून मंडळीत बायकांनी गप्प बसावे असा त्यात हुकूम आहे.

झाबेलबाईंनी अदबीने पदर सावरला. "पत्र असंल, बाबा. पन आमच्या गावात टपाल येत न्हाई. जोयड्यापतुर येतंय, तिथंच ऱ्हातंय."

पुरुष मंडळी खोकली. पाद्रीबाबांच्या दाढीत काहीतरी हलले. झाबेलबाईस जोर चढला.

"आन दुसरं इचारते, रागावू नका. सायबाचं, सायबिणीच्या लेकाचं, थडगं रिकामं झालं, सायब जिता झाला, ही खबर पयली कुणी आणली? मदलेन बाईनं न्हवं? पुरुष तर दारं लावून आत बसले व्हते. तवा तिला कुणी म्हणलं असतं, बाई, गप बस, तर आपुन आज हितं कशाला जमलो असतो? आपल्याला कळलंच नसतं."

पाद्रीबाबांनी बराच वेळ जपमाळ ओढली. मग हुकूम फर्मावला तो असा: उद्या सणाच्या दिवशी वेदीपुढे उभे राहून, पुस्तक न पाहता, जो किंवा जी एकोणपन्नास नावे बिनचूक म्हणेल, त्याच्या किंवा तिच्या हाती दोरी राहील, आणि दोघांसही न आली तर कपेलीस कुलूप पडेल, घंटा उतरवून मोठ्या इगर्जीस जाईल आणि फणसगाळीने बारा कोस चालून यावे. हे ऐकताच दोन्ही पक्षांची तोंडे उतरली. ती घंटा पास्कूंनी टांगलेली, आणि तिच्या आवाजाखाली मोनीकबाई निजलेली. म्हाताऱ्या बायका बारा कोस काय चालणार, आणि तापाने फणफणलेले पोर पाण्यासाठी बारा कोस कसे न्यावे?

सणाचा दिवस उजाडला. बाबा येणार म्हणून बायकांनी कपेल पहाटेच दाट सारवली होती, आणि पावसाळी हवेत ते सारवण वाळण्याचे नाव घेईना. वेदीवर नवी कणसे होती आणि वेदीखाली टोपल्यांतून तेरडा, गुलाबी, जांभळा, देठासकट. बायका पुढे, पुरुष मागे दारापाशी, आणि दाराबाहेर फुलाबाई, कमरेवर हात ठेवून.

पहिला हल्ला कैतानरावांनी केला. लदाईनीतील नावे म्हणजे निम्मी किल्ल्यांचीच: दाविदाचा बुरूज, हस्तिदंती बुरूज, स्वर्गाचा दरवाजा. कैतानराव वेगाने चालून गेले, अकरा ठाणी एका दमात घेतली, कौले थरथरली. बाराव्याशी ते अडले. त्यांनी अकरावे पुन्हा घेतले, त्याच वाटेने बारावे गाठू पाहिले, पुन्हा अकराव्यातच येऊन पडले. असे चारदा झाले. मग त्यांनी घाम पुसला आणि नजर खाली घातली. शिकस्त.

झाबेलबाई उठली. वेदीपुढे गेली. ताठ उभी राहिली, कारण हुकूम उभे राहण्याचा होता. तिने तोंड उघडले.

आणि आत काहीच नव्हते.

पन्नासाला एक कमी अशी नावे, चाळीस वर्षे जी तिच्या आतड्यांत नांदली, ती सगळी जणू रान उठून जावे तशी गेली. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, रिकामे, कोणाचे तरी उसने आणल्यासारखे. तिने आईचा आवाज आठवून पाहिला. तोही आला नाही. वेदीवरच्या सायबिणीच्या डोळ्यांत तिने पाहिले. घंटा उतरवताना कशी दिसेल ते तिला दिसले. बायकांच्या चटईवर कोणीतरी हुंदका दिला.

तेवढ्यात दाराबाहेरून आरोळी आली, अशी की कैतानरावांनीही मान वळवावी.

"अगं, वाक की! उभ्यानं कुणी लावणी करतंय व्हय?"

झाबेलबाईने वळून पाहिले. फुलाबाई दाराच्या चौकटीत वाकून दाखवीत होती, हातात काही नसताना बोटे चिखलात घालीत होती. मग झाबेलबाईने लुगड्याचा काच्या खोचला, तेरड्याची एक जुडी डाव्या हातात घेतली आणि वाकली. उजव्या हाताने एक देठ ओल्या सारवणात रोवला. तो उभा राहिला. आणि त्याच्याबरोबर पहिले नाव आले.

तो आवाज फार मोठा नव्हता. परंतु चाळीस वर्षांनी पाणी जसे जुन्या पाटाला लागावे तसा तो लागला. एक नाव, एक रोप. एक रोप, एक पाऊल मागे. बायकांनी जाब दिला, नऊ दिवसांचा साठलेला, एकदम. कपेल भरून गेली. मग चंद्रा म्हणून तरणी सून उठली, तिने दुसरी जुडी उचलली आणि झाबेलबाईच्या डाव्या हातास वाकली, मग तिसरी, मग चौथी, आणि वेदीपासून भिंतीपर्यंत बायकांची रांग झाली, लावणीच्या दिवशी होते तशी. आणि ती रांग नावे घेत, फुले लावीत, मागे मागे सरकू लागली.

आता येथे युद्धाची अशी चाल झाली जी पूर्वी कोणी केली नव्हती. मागे पुरुषांची फौज उभी होती आणि बायकांची पाठमोरी रांग तिच्यावर चालून येत होती. वाकलेल्या बायकांना मागचे दिसत नाही, आणि लावणी अर्ध्यात थांबवणे ही तर गोष्टच नको. पुरुष एक पाऊल हटले. दाविदाचा बुरूज पडला. पुरुष दोन पावले हटले. सोन्याचे घर पडले. झगा ढगळ होईल असे म्हणणारे सरदार भिंतीशी चेंगरले व कुडाच्या भोकातून बाहेर निसटले. पाठ कोणाची दिसेल म्हणणाऱ्यास उत्तर मिळाले आणि तो उंबऱ्यावरून अंगणात कोसळला. पाद्रीबाबांनी आपला झगा घोट्यावर उचलला आणि फुलांच्या ओळींतून बोटांवर चालत तेही माघारी निघाले, ओठांनी नावे मोजीत. पहाटेची चांदणी. आजाऱ्यांचे आरोग्य. गनिमास पाठ दाखवून, माघार घेत घेत, अंगुळ अंगुळ मुलूख कबजात घेतल्याचे दुसरे उदाहरण बखरकाराच्या पाहण्यात नाही.

एकोणपन्नासावे नाव उंबऱ्यावर आले. झाबेलबाईने शेवटचा देठ उंबऱ्याच्या आत रोवला आणि कमरेवर हात देऊन सरळ झाली. समोर कपेल नव्हती, शेत होते: गुलाबी, जांभळे, ओळीत उभे. मागे अंगणात गावचे सारे पुरुष एका ढिगात होते. आणि फुलाबाई, जिने कपेलीत पाऊल घातले नव्हते, डोळे पुसून म्हणाली, "बांध सोडून लावलीस बघ कोपऱ्यात. पन चालंल."

एका मातब्बराने ढिगातून तक्रार काढली की शर्त उभ्याने म्हणण्याची होती. पाद्रीबाबांनी हुकूम दिला की बाई स्वतःच्या पायांवर होती, आणि बाबा जेवढे पाहू शकले तेवढ्यावरून, पायांवर न राहिलेले फक्त तक्रार करणारेच आहेत. मग त्यांनी फणसाखाली मेज मांडवले, कपेलीची चोपडी उघडली, दौत काढली आणि दस्तऐवज लिहू लागले, तो येणेप्रमाणे: इसवी सन एकोणीसशे अकरा, सप्टेंबर महिन्याची आठवी, फणसगाळीच्या कपेलीची दोरी, झगा व नामावळी मोनीकबाईची लेक झाबेल हिजकडे करार केली असे, मंडळीने तिच्या नावास जाब द्यावा, पुरुषांनी तिच्या मागे बसावे आणि पाठ दिसल्याची तक्रार करू नये. मुकादमीचे वर्ष...

"पहिले," असे म्हणत पाद्रीबाबांनी टाक दौतीत बुडवला.

"थांबा, बाबा."

कैतानराव पुढे आले होते. अंगावरचा लाल झगा त्यांनी काढला होता आणि घडी करून छातीशी धरला होता. ज्या आवाजाने नाल्यापलीकडची गुरे परतत, तो आता इतका बारीक झाला होता की मेजाजवळच्यांनाच ऐकू जावा.

"म्या दादाच्या शेजारी बसत व्हतो," ते म्हणाले. "अकरा वर्सं. मागनं वैनी सांगायची, मग दादा म्हणायचा. दादाला एक नाव येत न्हवतं. मला ठावं व्हतं." त्यांनी झग्याची घडी नीट केली. "वैनी म्होरं बसली, आन तिचा सूर लोकांनी ऐकला, की त्यास्नी कळंल दादा कुणाचं ऐकून म्हणायचा, म्हणून म्या आडवा आलो. दादाला कुणी हसू नये म्हणून. बाकी मला दोरी काय करायची हाय."

मेजाभोवती कोणी हसले नाही. झाबेलबाई चिखलाच्या हातांनी तशीच उभी होती. तिला वाटत होते की ती गोष्ट जगात ती एकटीच सांभाळते आहे, आणि तिच्याच पुढ्यात, मुकादमांच्या शेजारी बसून दुसरे कोणी तिचे अर्धे ओझे उचलीत होते.

कैतानरावांनी झगा तिच्या हाती दिला आणि मेजाकडे वळले.

"पयलं न्हवं, बाबा. बारावं वरीस लिवा."